रावसाहेब आणि ढाणकीवाले पाहुणे

"अर्धा घंटा तुमचं बाथरूम पाह्यजे होतं," असं म्हणत गजभिये काकाजी सकाळी सव्वानऊला आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा मी कमरेला टॉवेल गुंडाळून त्याच बाथरूमकडे निघालो होतो. मला वाटलं, त्यांच्याकडचं पाणी गेलं असेल. म्हटलं, या ना. तर ते म्हणाले, "माह्यासाठी नाही. ह्या दोघांसाठी." त्यांच्या दोन्ही हातांत एकेक पिंजरा होता आणि प्रत्येक पिंजऱ्यात एकेक पांढरा उंदीर बसलेला होता.

त्या दिवशी मी आंघोळीशिवाय पंचायत समितीत गेलो. साहेबांनी उशिराचं कारण विचारलं. "आमच्या घरी दोन उंदीर भेटून राह्यले होते," हे काही मी त्यांना सांगू शकलो नाही.

काकाजी आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. यवतमाळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. तीस-बत्तीस वर्षं रोज कळंबहून एसटीने जाऊन-येऊन नोकरी केली. पोरांच्या प्रात्यक्षिकाला उंदीर पुरवायचे हे त्यांचं काम. पुढे उंदीर कापणं बंद झालं, तेव्हा पिंजऱ्यात राहिलेले चार उंदीर ते पिशवीत घालून घरी घेऊन आले. ते चार केव्हाच गेले, पण उंदीर पाळायची सवय राहिली. काकू गेल्या, मुलगा पुण्याला, घरात काकाजी आणि उंदीर. आळीतली माणसं त्यांना माघारी उंदीरवाले म्हणत. माघारी मीही म्हणत असे.

उंदरांना ते अहोजाहो करत. आता जो म्हातारा होता त्याचं नाव रावसाहेब. त्याचा जोडीदार दिवाळीनंतर गेला आणि रावसाहेबांनी खाणं टाकलं. दिवसभर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचे. काकाजी तुरीच्या वरणात बोट बुडवून पुढे करायचे, तर रावसाहेब ते हुंगून पुन्हा भिंतीकडे वळायचे.

"उंदीर एकटा नाही राहू शकत भाऊ," काकाजी मला म्हणाले. "माणूस राह्यते. उंदीर नाही."

म्हणून ढाणकीच्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी दुसरा नर आणला. त्याचं नाव ढाणकीवाले. मी आपलं विचारलं, "मादी काहून नाही आणली काकाजी? लवकर जमलं असतं."

"बाप्पा! मादी आणली तर पोळ्यापर्यंत आख्खं कळंब पांढरं होईन."

दोन अनोळखी नरांना एकदम एका पिंजऱ्यात टाकलं की एकमेकांना फाडतात, हे मला काकाजींकडूनच कळलं. त्यांची एक पद्धत होती आणि ती ते दिवसातून दहा वेळा ऐकवत. "आधी वास, मंग तोंड, मंग मुक्काम." पहिले आठ दिवस पिंजरे घराच्या दोन टोकांना. मग शेजारी-शेजारी, मधे वीतभर जागा. मग जुन्या बनियनचे तुकडे करून याच्या अंगाखालचा त्याच्याकडे आणि त्याचा याच्याकडे. "वास ओळखीचा झाला का अर्धी सोयरीक झाली." त्यानंतर समोरासमोर भेट, पण तीही दोघांपैकी कोणाच्याच नसलेल्या जागेत. ती जागा म्हणजे आमचं बाथरूम.

"माह्या घरात सगळीकडं रावसाहेबांचा वास आहे," काकाजी समजावत. "पाहुण्याले कमीपणा वाटते."

माझी बायको मंदा आधी संतापली. मग तिला त्या प्रकाराची इतकी गोडी लागली की ती दाराच्या फटीतून बघत उभी राहायची आणि तिकडे गॅसवर दूध उतू जायचं. काकाजी उलट्या बादलीवर बसत. हातात चामड्याचे मोजे, मांडीवर भांडण सोडवायला पाणी फवारायची बाटली, आणि तोंडाने सतत बोलणं. "आता फुगले. फुगू द्या. फुगणं म्हणजे भांडण नाही, आपला मान पाहून राह्यले. आता आडवे चालले. आडवे चालले का मंग ध्यान ठेवाचं." रावसाहेब मागच्या पायांवर उभे राहत, ढाणकीवाले उभे राहत, दोघं एकमेकांकडे बघत, आणि टॉवेलवाला मी बाहेर घड्याळ बघत असे.

चौथ्या भेटीला रावसाहेबांनी ढाणकीवाल्यांचा कान चाटला. काकाजी मोजे काढून डोळे पुसायला लागले. मला हसू आलं आणि मी ते लपवलंही नाही. त्या दिवशी रावसाहेबांनी चमचाभर वरण खाल्लं. "अजून पंधरा दिवस," काकाजी म्हणाले. "मंग मोठा पिंजरा सोड्यानं धुऊन दोघाइले संगं ठेवतो. घाई नाही कराची."

त्याच आठवड्यात झरी जामणीकडे त्यांची बहीण आजारी पडली. दोन दिवसांसाठी ते दोन्ही पिंजरे आमच्याकडे ठेवून गेले. सोबत वहीच्या कागदावर सूचना. शेवटची ओळ अधोरेखित होती: दार उघडायचे नाही.

इथून पुढचं सांगताना मला आजही शरम वाटते, पण सांगतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता फोन आला. दारव्ह्याचे पाहुणे चार वाजता आमच्या मुलीला, पल्लवीला पाहायला येणार होते. घरात धावपळ सुरू झाली. बैठकीतल्या दिवाणावर दोन पिंजरे. बाथरूममध्ये ठेवावेत तर पाहुणे हातपाय धुवायला तिथेच जाणार. आतल्या खोलीत पल्लवी तयार होत होती, अंगणात एप्रिलचं ऊन. मागच्या खोलीत शिलाई मशीनखाली एक पिंजरा मावत होता, दोन मावत नव्हते. काकाजींच्या घराची चावी माझ्या खिशात होती. पण त्यांच्या दारात उंदरांचे पिंजरे घेऊन उभा असताना पाहुण्यांची गाडी वळणावर आली तर, या विचारानेच मला घाम फुटला.

मी म्हटलं, माणसांचं लग्न पोहे खाता खाता ठरतं, यांना महिना कशाला लागतो? परवा तर कान चाटून राह्यले होते. मी ढाणकीवाल्यांना उचललं आणि रावसाहेबांच्या पिंजऱ्यात सोडलं. दोघंही गप्प बसले. मी रिकामा पिंजरा खोलून, चपटा करून माळ्यावर टाकला, भरल्या पिंजऱ्यावर चादर घातली आणि नवा शर्ट घालायला गेलो.

पाहुणे आले. मुलगा चांगला होता, त्याचे वडील थोडे बोलके. पल्लवी पोहे घेऊन बाहेर आली आणि मागच्या खोलीतून आवाज आला. आधी एक बारीक किंकाळी, मग पिंजरा आदळल्याचा आवाज, मग लागोपाठ किंकाळ्या. मंदाने माझ्याकडे पाहिलं. मुलाचे वडील म्हणाले, "काय आहे हो?"

"काही नाही. मागच्या पंख्याचं बेअरिंग गेलं," मी म्हणालो आणि चिवड्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

मला उठता आलं असतं. आठ पावलांवर ती खोली होती. पाहुण्यांनी जास्तीत जास्त काय म्हटलं असतं? पण मी उठलो नाही. आवाज थांबला तेव्हा मला आधी बरंच वाटलं. पाहुणे गेल्यावर मी चादर काढली. रावसाहेबांची कूस फाटली होती. म्हातारं जनावर, पळायला जागा नव्हती. ढाणकीवाले वरच्या तारेला लटकून थरथरत होते.

मी हळद लावली, माळ्यावरचा पिंजरा काढून जोडला, दोघांना वेगळं केलं, रक्त पुसलं. संध्याकाळी काकाजी आले. मी म्हणालो, "दुपारी कडी निघाली वाटते काकाजी. आम्ही पाहुण्यांत होतो, ध्यानातच आलं नाही."

त्यांनी पिंजऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माह्यीच चूक," ते म्हणाले. "कडीले तार बांधाले पाह्यजे होती." एवढं बोलून ते दोन्ही पिंजरे घेऊन गेले.

पाच दिवस ते रोज जखम धूत होते, हे मंदाने सांगितलं. सहाव्या दिवशी रावसाहेब गेले. मी भेटायला गेलो नाही. ऑफिसला मागच्या दाराने जायला लागलो. काकाजी ओट्यावर दिसले की फोन कानाला लावून कोणाशी तरी बोलत असल्यासारखं करायचो. इतका खोटेपणा मी पन्नास वर्षांत केला नव्हता.

पंधरा दिवसांनी दारव्ह्याहून होकार आला. आळीत घरोघरी पेढे द्यायचे होते. मंदाने डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "काकाजीच्या घरी तुम्हीच जा. मी नाही जात."

काकाजींनी दार उघडलं. ढाणकीवाले त्यांच्या शर्टाच्या खिशातून तोंड काढून बसले होते. पल्लवीचं जमलं हे ऐकून काकाजी इतके खूश झाले की मला तिथेच धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. त्यांनी पेढ्याचा कण काढून खिशात सारला.

"काकाजी," मी म्हणालो, "कडी निघाली नव्हती. मीच टाकलं दोघांना एका पिंजऱ्यात. आवाज आला तरी उठलो नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"माहीत होतं?"

"ढाणकीवाल्याचा पिंजरा तुम्ही उलटा जोडला होता भाऊ. दार मांगच्या बाजूनं. उंदीर कडी काढीन एखाद्या वक्ती. पण पिंजरा खोलून उलटा कसा जोडीन?"

मला हसू आलं आणि रडूही. "मंग बोलले काहून नाही? चार शिव्या तरी द्यायच्या होत्या."

काकाजी खिशातल्या उंदराच्या डोक्यावरून बोट फिरवत राहिले. "बोललो असतो तं तुम्ही शरमेनं येणंच सोडलं असतं," ते म्हणाले. "रावसाहेब तर चाललेच होते. त्याइच्यासंगं तुम्हाले कायले घालवू?" मग तक्रारीचा सूर न लावता म्हणाले, "तरी तुम्ही पंधरा दिवस आले नाहीच."

ते दारातून बाजूला सरले, म्हणाले, "बसा, चहा ठेवतो. हे धरा जरा," आणि ढाणकीवाल्यांना खिशातून काढून त्यांनी सरळ माझ्या हातात दिलं. आत जाता जाता एवढंच सांगितलं, "दोन्ही हातानं धरा. भितात अजून." ते इवलंसं ऊबदार अंग माझ्या ओंजळीत धडधडत होतं, आणि चहा येईपर्यंत माझी मान काही वर झाली नाही.