जाधव आणि आईच्या दुधातली पुडी

आमचे शेजारी जाधव दूधवाल्याला फाटकातच उभं करतात, दुधात लॅक्टोमीटर सोडतात आणि तो स्थिर होईपर्यंत कोणाला बोलू देत नाहीत. मग "पास" म्हणतात. दूधवाला सुटकेचा निःश्वास टाकतो. म्हैस सोबत असती तर तिनेही टाकला असता.

जाधवांची सारी नोकरी लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत, क्वालिटी कंट्रोलमध्ये गेली. ते निवृत्त झाले, हे फक्त कंपनीचं मत. हॉटेलातला रस्सा, मेडिकलमधलं टॉनिक, पुढाऱ्याचं भाषण, सगळ्यावर त्यांचा एकच शेरा: "होल्डवर ठेवा." मुलीने, सुजाताने, लग्न ठरवलं तेव्हा मुलगाही होल्डवर गेला.

"चांगला वाटतो हो," मी म्हटलं.

"सॅम्पल चांगलंच आणतात," जाधव म्हणाले.

पत्नी गेल्यावर घरात तपासण्याजोगं फारसं उरलं नाही, म्हणून ते आळी तपासतात.

यंदा सुजाता बाळंतपणाला माहेरी आली आणि दिवस भरण्याच्या बरंच आधी मोकळी झाली. मुलगी, एवढीशी, काचेच्या पेटीत. आईचं दूध नळीने चाललं होतं, पण वजन हलेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता त्या दुधात एक पावडर मिसळू. तिच्या पुड्या मिळतात.

मी जाधवांच्या शेजारीच उभा होतो. ज्याचा जन्म भेसळ पकडण्यात गेला, त्याला कोणीतरी मिसळा म्हणत होतं.

"आईच्या दुधात? बाहेरची पावडर?"

"काका, शेवटच्या महिन्यांत बाळाला पोटात कॅल्शियम, फॉस्फरस, प्रोटीन मिळत असतं. ही त्याआधीच बाहेर आली. नुसत्या दुधात तिला पुरेल एवढं नसतं. हाडं कशाची बनणार?"

"म्हणजे आईचं कमी पडतंय?"

"कोणाचंच नाही. हिलाच घाई होती."

जाधवांनी एक पुडी मागून घेतली. वास घेतला. बोटावर घेऊन चाखली. चष्मा कपाळावर ढकलून बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "होल्डवर ठेवा."

"आजोबा," सिस्टर म्हणाली, "बाळाला होल्डवर नाय ठेवता येत."

पण सुजाता त्याच घरात वाढलेली. "बाबांनी हो म्हटल्याशिवाय नको," तिने खाटेवरून सांगितलं. जावई बाहेर उभा होता. त्याला विचारण्याची पद्धत अजून पडलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशीही वजन तेवढंच.

"बाबा, घालू ना?"

जाधवांनी हातातल्या पुडीकडे पाहिलं. मग काचेतून आत पाहिलं. आणि त्यांच्या तोंडून मी कधीच न ऐकलेलं वाक्य आलं, "मला नाही कळत गो."

सुजाता सिस्टरकडे वळली. म्हणाली, "घाला."

नळीतून दूध जात असताना जाधव काचेकडे पाठ करून उभे होते.

"गेलं का पोटात?"

"गेलं."

"उलटलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. मला सिस्टरच्या पाठीशिवाय काहीही दिसत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी ते माझ्या पडवीत आले.

"वजन वाढायला लागलं."

"वा! उत्तम."

जाधव तसेच उभे. बसा म्हटलं तर बसले. चहा नको म्हणाले. मग समोरच्या पोफळीकडे बघत म्हणाले, "सुजाताची आई असती तर एव्हाना अख्ख्या आळीला कळलं असतं."

"मग चला," मी म्हटलं, "आपण सांगून येऊ."

ते लगेच उठले. पहिल्याच घराच्या फाटकाशी मात्र थांबले, शर्टाची कॉलर सारखी केली आणि मला हळूच विचारलं,

"सांगायचं कसं असतं हो?"