फॉर्मवरचा तिसरा माणूस

एकुलत्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी शिंप्याने वृद्धांच्या भत्त्याचा फॉर्म भरला. घरात आता तो आणि बायको अशी दोनच माणसं होती, पण रकान्यात त्याने तीन लिहिलं. खोटेपणा मनात नव्हता. चाळीस वर्षं त्याने प्रत्येक शिवणीत दोन बोटं माया सोडली होती. पुढे गिऱ्हाइकाचं अंग सुटलं तर उसवून कपडा सैल करता यावा म्हणून. तशीच फॉर्मातही सोडली.

"पोरगी रुसून परत आली तर?" तो बायकोला म्हणाला. "तेव्हा कुठे फॉर्म उसवत बसू?"

लेक रुसली नाही. तिचा मामा आला. तिघांचा भत्ता मंजूर झाल्याचं त्याला कुठून तरी कळलं आणि महिन्याभरात तो पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

"दाजी, माझी सोय झालेलीच आहे म्हणे."

चार दिवसांसाठी आलेल्या मेहुण्याने लेकीची खाट घेतली, खिडकी घेतली आणि सकाळचे दोन चहा लावून घेतले.

दोन वर्षांनी तपासनीस बाई आल्या. शिंपी बाहेर दोरा आणायला गेला होता. बायको घाबरली. कागदावरची तिसरी म्हणजे लेक; तिच्या जागी हा बाप्या दिसला तर भत्ताच बंद होईल, असं वाटून तिने भावाला न्हाणीघरात कोंडलं. शिंपी परतल्यावर बाईंनी दोन माणसं मोजली, पाणी प्यायल्या आणि गेल्या. मग पत्र आलं. तिसरी व्यक्ती अस्तित्वात नाही. तिच्यापोटी घेतलेला दोन वर्षांचा जादा भत्ता तीस दिवसांत परत करा, नाहीतर जप्ती येईल. जप्त करण्याजोगं घरात एकच होतं, शिलाई मशीन.

शिंपी कचेरीत गेला.

"तिसरा माणूस कोण?" कारकुनाने विचारलं.

"मेहुणा."

"तेव्हा कुठे होता?"

"न्हाणीघरात."

"दोन वर्षं?"

"नाही हो. वीस मिनिटं."

"घेऊन या त्यांना. तिथे राहतो असं लिहून देऊ दे."

मेहुणा आला, शिंप्याचाच शर्ट घालून. "मी कशाला लिहून देऊ? मी पाहुणा आहे," तो म्हणाला. "आज लिहून दिलं की उद्या घरखर्चाला हातभार मागाल."

राहिला हप्त्याचा मार्ग. शिंप्याने घरखर्चाचा कागद पुढे केला. कारकुनाने त्यातल्या ओळी खोडायला सुरुवात केली.

"हा चहा कुणाचा?"

"मेहुण्याचा."

"तिसरा माणूस नाही. त्याचा चहा धरता येत नाही."

"पितो तरी तोच."

मेहुण्याचं सगळं खोडून झाल्यावर कागदावर चांगली शिल्लक दिसू लागली. "बघा, केवढे पैसे उरतात तुमच्याकडे," कारकून कौतुकाने म्हणाला. "पाच वर्षांत फेडा."

"आठ."

"काका, ही भाजी मंडई नाही."

"सात करा. तुमची पँट कंबरेला तटतटलीय, सैल करून देतो."

"आम्हाला काही घेता येत नाही," कारकून पोट आत ओढत म्हणाला. "सात लिहितो."

मशीन वाचलं. घरी बायकोने भावाला ठणकावलं, "तू कागदावर नाहीस. चहा एकच मिळेल."

"ताई, चहा काय कागद बघून करतात?"

दुसराही तिनेच केला.

हप्त्यांचं दुसरं वर्ष संपताना मेहुणा गेला. मृत्यूच्या दाखल्यावर पत्ता शिंप्याच्या घराचा पडला. राहत असल्याची मुदत, चार वर्षं. तो दाखला घेऊन शिंपी कचेरीत गेला.

"म्हणजे ते तुमच्याकडेच राहत होते," कारकून म्हणाला. "हा पुरावा आधी का नाही आणलात?"

"आधी तो जिवंत होता."

वसुली रद्द झाली. "तुमचे भरलेले हप्ते आता आम्ही देणं लागतो," कारकून म्हणाला. "पण एकदम नाही जमणार. सात वर्षांत देऊ."

"पाच."

"काका, ही भाजी मंडई नाही."

त्याने भत्त्याचा नवा फॉर्म पुढे सरकवला. माणसांच्या रकान्यापाशी शिंप्याचं पेन थोडं थांबलं. मग त्याने दोन लिहिलं आणि माया सोडली नाही.

मेहुणा वारला तो भाचीच्या लग्नानंतर पाचव्या वर्षी, सात फेब्रुवारीला, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर.