ठोंबरे काकाजींचे वरचे

आमच्या शेजारचे ठोंबरे काकाजी कोणाशीही बोलायला लागले, की पाचव्या मिनिटाला विचारायचे, "अन् तुमच्या वर कोण आहे?"

काकाजी रेल्वेच्या ऑफिसातून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. पांढरा फुलबाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, रायपूरच्या मे महिन्यातसुद्धा. बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत त्यांच्या या प्रश्नातून कोणी सुटलं नव्हतं. भाजीवालीला विचारलं, "तेरे ऊपर कौन है?" तर तिनं मान वर करून ताडपत्रीकडे बघितलं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मेरे ऊपर? पंखा है, बाबूजी." एकदा मोबाइल कंपनीच्या मुलीला त्यांनी फोनवर गाठलं. तिच्या वर टीम लीडर निघाला, त्याच्या वर मॅनेजर, त्याच्या वर सिस्टम. "और सिस्टम के ऊपर?" काकाजींनी अगदी नम्रपणे विचारलं. फोन कटला.

"पाहा सर," ते मला म्हणाले, "कोणालेच माहीत नाही. तरी चालून राहिलं सगळं."

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. मी वर्गात शिरलो की मुलं उभी राहत नाहीत. ते मीच बंद केलं आणि त्याचा मला अभिमान होता. कोणी मोठं आहे म्हणून त्याचं ऐकू नका, हे माझं दरवर्षीचं पहिलं लेक्चर. घरी देवाचा कोनाडा होता, तिथे आता वायफायचा डबा आहे. तेव्हा काकाजी म्हणजे मला आयतं सापडलेलं उदाहरण होतं. वर्गात मी त्यांचे किस्से सांगायचो. मुलं हसायची.

मग गणपतीत आमच्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात मी त्यांची नक्कल केली. तसाच शर्ट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. माझे काकाजी मरून स्वर्गात जातात आणि थेट देवाला विचारतात, "अन् तुमच्या वर कोण आहे?" देव खिशातून मोबाइल काढतो, वर धरतो आणि म्हणतो, "रेंज नाही आहे." लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. खरे काकाजी पहिल्या रांगेत, काकूंच्या शेजारी बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, पण सगळ्यांच्या जरा मागून.

"आवाज चांगला काढला सर तुम्ही," दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी तो प्रश्न कोणालाच विचारला नाही. भाजी घेतली की गप्प घरी. माझ्या बायकोच्या ते लगेच लक्षात आलं. "जाऊन माफी मागा," ती म्हणाली. मी म्हणालो, त्यांना काही वाटलेलं नाही. वाटलंय हे मला माहीत होतं.

दिवाळीनंतर काकू न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. सकाळी अकराच्या सुमारास मी दवाखान्यात पोचलो, तर काकाजी बाकावर बसलेले, मांडीवर फॉर्म, हातात पेन. काकूंचं हृदय कमजोर, ऑपरेशनात धोका होता. न करावं तर त्या कायमच्या अंथरुणाला खिळणार.

"सर, तुम्ही सांगा. करू का नको?"

"मी कसं सांगणार काकाजी? डॉक्टरांना विचारा नं."

"विचारलं. ते म्हणतात, फैसला आपका है. बंगलोरले पोट्ट्याले फोन केला. तो म्हणते, पापा, आप जो ठीक समझो. हिले विचारलं, तर हे म्हणते, तुम्ही म्हणान तसं." त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "मले नाही ठरवता येत सर. मी कधी ठरवलंच नाही. दादा ठरवे."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. तीन वर्षांपूर्वी वारले, एवढंच मला माहीत होतं.

"लग्न त्यानं ठरवलं. नोकरी कर म्हणे, केली. रायपूरलेच राहा म्हणे, राहिलो. आता तुम्ही म्हणान दादा लय शिकलेला असन. सातवी पास होता. पाच मिनिटं देवापुढं बसे अन् सांगे, असं कर. काही चुकतही होतं त्याचं. पण सांगितलं की म्हणे, चुकलं तर माह्यावर टाक." त्यांनी मांडीवरचा फॉर्म सरळ केला. "म्हणून विचारत होतो मी लोकाइले. म्हटलं, कोणाच्या तरी वर असन कोणी, तर आपणही तिथं जाऊन विचारू."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

नर्स येऊन गेली. मी फॉर्म वाचल्यासारखं केलं. माझ्याकडे त्या घडीला काहीच नव्हतं. ना डॉक्टरांचं ज्ञान, ना पाच मिनिटं बसायला जागा.

"करा," मी म्हणालो.

त्यांनी लगेच सही केली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ते पुढच्या वाक्यासाठी थांबले होते आणि ते वाक्य कोणतं, हे मला चांगलं कळत होतं. मी घड्याळ बघितलं. मग त्यांनी मान हलवली आणि सही केली.

ऑपरेशन नीट झालं. त्यात माझं काही नव्हतं. पण काकाजी गल्लीभर सांगत सुटले की सरांनी हिंमत दिली. मी रस्ता बदलून कॉलेजला जायला लागलो.

दीड महिन्यानं एका रविवारी ते दोघं आमच्याकडे आले. काकू वॉकर धरून एकेक पाऊल टाकत होत्या. काकाजींनी त्यांना दारातच थांबवलं.

"हे सर. यायनं सांगितलं म्हणून केलं. पाया पड."

सत्तरीच्या काकू एक हात वॉकरवरून सोडून खरंच वाकायला लागल्या. मी मागे सरकलो. "काकू, अहो, मी केवढा लहान आहे तुमच्यापेक्षा."

"पडू द्या सर," काकाजी हळूच म्हणाले. "आमच्या घरात आता पाया पडाले कोणी मोठं राहिलं नाही."

बायकोनं पुढे होऊन काकूंना सावरलं, खुर्चीत बसवलं आणि दोघांच्या पाया पडली. मीही पडायला हवं होतं. माझं अंग वाकलं नाही.

"चहा ठेवतो," म्हणून मी आत गेलो. चहा उकळून काळा झाला. बाहेरून बायकोनं दोनदा हाक मारली. मी गॅस बारीक करून तिथेच उभा राहिलो.