लोह – बाळ

बाळंतपणानंतर बाईचं लक्ष उडतं म्हणणाऱ्यांची तोंडं आज ती कायमची बंद करणार होती! घरातल्या मिठाच्या डब्यालाही चिठ्ठी चिकटवणारी बाई ती. तिच्या हातून चूक? शक्यच नाही!

प्रयोगशाळेत एमआरआयचं नवं मशीन होतं. चुंबक अगदी अशक्त, टेबलावर मावेल एवढं. म्हणून सगळे त्याला 'बाळ' म्हणत. नेहमीचं औषध टोचूनही अशा चुंबकाला धड काही दिसत नाही. तिनं लोहाचे अतिसूक्ष्म चुंबकी कण पाण्यात मिसळले होते. ते पाणी जिथे जाईल, तिथे चित्रात काळाकुट्ट डाग! पैसे देणाऱ्या पाहुण्यांपुढे डाग उमटला की प्रकल्प तिचा; नाहीतर सरांच्या लाडक्या सहकाऱ्याचा.

मशीन पाहुण्यांच्या हॉटेलात नेलं होतं; तिला सकाळी थेट तिकडेच जायचं होतं, म्हणून बाटली आदल्या दिवशीच घरी आणलेली. तिनं पर्समधून ती काढली, नळीत ओतली, नळी मशीनमध्ये सरकवली. पडद्यावर चित्र आलं. डाग तीळभरसुद्धा नाही!

"मॅडम, डाग रजेवर गेला का?" सहकाऱ्यानं विचारलं. पाहुणे हसले.

तिनं बाटली हुंगली. संत्र्याचा वास! चिठ्ठीवर तिच्याच सुबक अक्षरात 'लोह – बाळ'. मशीनच्या बाटलीवरही तिनं हेच लिहिलं होतं. बाटल्या दोन्ही तपकिरी, इवल्याशा. म्हणजे पोराच्या लोहाच्या थेंबांची, चुंबकी कण नसलेली बाटली इथे, आणि मशीनची बाटली घरी, नवऱ्याच्या हाताशी!

तिनं तिथूनच फोन लावला.

"थेंब दिलेस का त्याला?"

"कसले थेंब?"

"अरे, लोहाचे! टेबलावरचे!"

"अच्छा, ते! नाही गं, राहिलंच."

"नक्की ना?"

"नक्की! खरं सांगू? तू कामावर जायला लागल्यापासून राहतच आलंय. ओरडू नकोस हं!"

ओरडणार कसली? तिला तिथल्या तिथे रडू फुटलं.

"घरचं बघा आधी," सर प्रेमानं म्हणाले. "प्रकल्प हा सांभाळेल. आई झालं की होतंच असं."

संध्याकाळी सासूबाई दारात उभ्या राहून शेजारणीला सांगत होत्या, "माझा लेक विसरला, म्हणून नातू वाचला हो! हिच्या भरवशावर असता तर?"

"असू दे गं आई," नवरा लाजत म्हणाला. "मी काही विशेष केलं नाही."

सगळे तिच्याकडे बघू लागले. काय करते बिचारी! तिनं त्याला थँक्यू म्हटलं.