गोजरबाई ग्रुपमधून बाहेर पडल्या

बासष्टाव्या वर्षी गोजरबाई इंटरनेट शिकायला लागल्या, तेव्हा होटगीतल्या त्यांच्या गल्लीत कुणाला ते खरं वाटलं नाही. मंगळवारी आणि शनिवारी माणसं भरभरून नेणाऱ्या वडापच्या रिक्षात बसून त्या सोलापूरला जात. सात रस्त्याजवळच्या एका वाचनालयात ज्येष्ठांचा वर्ग भरायचा. रेश्मा नावाची तरणी शिक्षिका एकेक गोष्ट चारचार वेळा सांगायची आणि गोजरबाई ती वहीत उतरवून घ्यायच्या. त्यांचे यजमान रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते, नियमाशिवाय पाऊल न टाकणारे. तीन वर्षांपूर्वी ते गेले, पण नियम लिहून ठेवायची सवय घरात राहिली.

त्या शनिवारी वर्गातल्या कॉम्प्युटरवर ईमेल उघडायला शिकवलं. शेवटी रेश्मानं बजावलं, की काम झालं की बाहेर पडायचं. उघडं ठेवून उठलात तर मागून येणारा कुणीही तुमचं वाचेल. गोजरबाईंना हे फार पटलं. गोठ्याचं फाटक असो की धान्याची कोठी, उघडं टाकून त्या जन्मात कधी उठल्या नव्हत्या. त्यांनी वहीत 'काम झाले की बाहेर पडणे' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

संध्याकाळी कट्ट्यावर बसून त्यांनी मोबाइल काढला. 'घरची माणसं' या ग्रुपवर पुतण्याच्या मुलीचा फोटो आला होता. त्याच्याखाली सुनेनं काहीतरी टाकून पुसलं होतं. मेसेज हटवला आहे, एवढंच दिसत होतं. गोजरबाईंनी फोटो बघितला, एक अंगठा पाठवला. काम झालं. आता बाहेर पडायचं कुठून, ते काही सापडेना. वरच्या नावावर दाबलं, खाली खाली सरकत गेल्या, तेव्हा अगदी तळाला लाल अक्षरांत ते दार दिसलं. ग्रुपमधून बाहेर पडा. मोबाइलनं परत विचारलंसुद्धा, की नक्की ना? एवढी विचारपूस आजकाल माणसंही करत नाहीत, असं त्यांच्या मनात आलं. त्याच शिस्तीनं त्या भजनी मंडळाच्या आणि वर्गाच्याही ग्रुपमधून बाहेर पडल्या आणि निश्चिंत मनानं भाकरी थापायला बसल्या.

रविवारी सकाळी धाकटी जाऊ अंबुबाई डबाभर धपाटे घेऊन आली. डबा ठेवला, पण नजर काही वर करेना.

"आक्का, तुमच्या कानावर आलं आसंल," ती म्हणाली. "पन मी वाईट मनानं न्हवते म्हनले."

गोजरबाईंना काहीच उमगलं नाही, म्हणून त्या गप्प राहिल्या. अंबुबाईला ती शांतता सोसेना. मग तिनं आपणहून सगळं सांगून टाकलं. बारशाला चार बायकांत ती बोलली होती, की आमच्या आक्का म्हातारपणी वहीपेन घेऊन शाळेत जातात. बायका हसल्या होत्या, तीही हसली होती. गोजरबाईंना ते लागलं. पण त्यांनी चहा टाकला.

अंबुबाई गेली न गेली तोच भजनी मंडळाच्या प्रमुख बाईंचा फोन आला. पहिला अभंग दुसरीला द्यायचं अजून नक्की झालेलं नव्हतं, मंडळ सोडण्यासारखं काही घडलेलं नाही, पहिला अभंग तुम्हीच म्हणा, असं त्या एका दमात बोलल्या. पहिला अभंग आपल्याकडून काढून घेणार होते, हे गोजरबाईंना तेव्हाच कळलं. त्या नुसत्या बरं म्हणाल्या. आज काय सगळ्यांना झालंय, याचा विचार करत त्या शेंगा निवडत बसल्या.

अकराच्या सुमाराला मोटारसायकल वाजली. मुलगा अजिंक्य आणि सून राजनंदिनी सोलापुरात राहायचे. अजिंक्य चिंचोळीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होता. तो खुर्ची सोडून उंबऱ्याजवळ खाली बसला. असा तो याआधी एकदाच बसला होता, दहावीत गणितात नापास झाला तेव्हा.

"आई, तू त्यो मेसेज वाचलीस, कळलं आमाला."

"माझ्याकडनं चुकून त्या ग्रुपवर पडला, आत्या," राजनंदिनी म्हणाली. "लगीच काढले, पन तवर तुमी बगितलाच."

गोजरबाईंनी शेंगा खाली ठेवल्या. काय विचारावं ते सुचेना, म्हणून याही वेळी त्या गप्प राहिल्या, आणि याही वेळी समोरचं माणूस बोलत सुटलं. कारखाना अजिंक्यला पुण्याला पाठवत होता. आईला इथं एकटं ठेवायचं नाही, बरोबर न्यायचं, असं ठरलं होतं. होटगीचं घर भाड्यानं द्यायचं होतं. मागच्या मंगळवारी, त्या वर्गाला गेल्या असताना, एक कुटुंब येऊन घर बघूनही गेलं होतं. दोन महिने हे सगळं दुसऱ्या एका ग्रुपवर चाललं होतं. त्यात अजिंक्य होता, राजनंदिनी होती, अंबुबाईसुद्धा होती.

गोजरबाईंनी घराकडे नजर फिरवली. परकी माणसं इथं उभी राहून खोल्या मोजून गेली, आणि आपण तेव्हा कॉम्प्युटरचा पासवर्ड पाठ करत होतो. त्यांना रडू आलं नाही. खाली ठेवलेल्या शेंगा त्यांनी परत पुढ्यात ओढल्या.

तेवढ्यात मोबाइल वाजला. त्या फोन नेहमी स्पीकरवरच घ्यायच्या. रेश्मा होती. आजी, माझं काही चुकलं का, असं ती काळजीनं विचारत होती. वर्गाचा ग्रुप का सोडलात?

"सोडला कुटं?" गोजरबाई म्हणाल्या. "काम झालं की भाईर पडायचं, तुमीच सांगितलं की. मी समद्या ग्रुपातनं नीट भाईर पडले."

रेश्मानं हसू दाबत समजावलं, की ते कॉम्प्युटरपुरतं होतं. ग्रुपमधून असं बाहेर पडलं, की ग्रुप चालवणाऱ्याला कळतं, आणि माणूस रागावून गेलं असं वाटतं.

फोन ठेवल्यावर अजिंक्यनं हळूच विचारलं, "म्हंजे तू मेसेज वाचलीच न्हाईस?"

"कुटला मेसेज?"

अजिंक्यनं कपाळाला हात लावला. सकाळी ग्रुप बघून त्यानंच घाबरून अंबुबाईला फोन केला होता, की आई कशावरनं बिनसली. राजनंदिनी पदराआड हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. आत्या, आजच सांगणार होतो, असं ती म्हणाली. ते खरं नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं.

अजिंक्यनं आईला 'घरची माणसं'मध्ये परत घेतलं. तो दुसरा ग्रुप आत्ताच्या आत्ता बंद करतो, म्हणाला.

"बंद नगं करू," गोजरबाई म्हणाल्या. "मला बी घे त्यात."

त्यानं बायकोकडे पाहिलं आणि घेतलं. आपल्याबद्दल काय काय बोलणं झालंय ते वाचायला गोजरबाईंनी बोटानं वर सरकवून पाहिलं, पण वर काहीच नव्हतं, पाटी कोरी होती. नव्या माणसाला आधीचं दिसत नाही, असं राजनंदिनीनं सांगितलं. तिचा आवाज जरा सैल झाला होता. गोजरबाईंना चाळीस वर्षांपूर्वीचं हेच घर आठवलं. लग्न होऊन त्या इथं आल्या, तेव्हा आधीचं कुणी काही सांगितलं नव्हतं. सगळं आपलं आपण हळूहळू समजून घ्यावं लागलं होतं. सुनेचंही तसंच झालं असणार. असू दे, त्यांना वाटलं, काही गोष्टी न दिसलेल्याच बऱ्या.

त्यांनी चष्मा लावला आणि एक बोट उचलून लिहायला घेतलं. अक्षर चुकलं की पुसत, परत लिहीत. पाच मिनिटं गेली.

मग त्या खोलीतले दोन मोबाइल एकापाठोपाठ वाजले. दोघांनी आपापल्या मोबाइलात पाहिलं. 'मी इथेच राहणार. घर भाड्याने द्यायचे नाही. तुम्ही पुण्याला नीट जा. रोज संध्याकाळी तोंड दाखवून बोलायचे कसे ते मंगळवारी शिकणार आहे.'

अजिंक्यनं ते दोनदा वाचलं. आई समोर तीन हातांवर बसली होती, पण तिच्याकडे बघायचा त्याला धीर होईना. तो मान खाली घालून लिहीत राहिला, आणि थोड्या वेळानं गोजरबाईंचा मोबाइल वाजला.

'बरं आई.'