जाणकारांचा भाव

डेल्मर हुक्स्ट्राने पाच डॉलर लावले ते निव्वळ कुतूहलापोटी. त्याची बायको आर्डिस राज्याच्या विधानसभेसाठी पक्षाची उमेदवारी मागत होती. आयोवातल्या त्यांच्या एवढ्याशा मतदारसंघात उमेदवारी कुणाला मिळणार, यावरसुद्धा इंटरनेटवर अंदाजबाजार चालतो, हे त्याला न्हाव्याकडे कळलं. तिथे आर्डिसचा भाव एकतीस, म्हणजे शंभरात एकतीस शक्यता. त्याने पाच डॉलर लावताच आकडा चव्वेचाळीसवर गेला. (बाजार आपल्याशी सहमत झाला, असं त्याला वाटलं. तीस वर्षांच्या संसारात त्याच्याशी सहमत झालेलं हे पहिलंच कुणीतरी.)

मग चटकच लागली. आठवड्याभरात आकडा अठ्ठ्याऐंशी.

"एवढं कोण लावतंय माझ्यावर?" आर्डिसने विचारलं.

"जाणकार लोक. त्यांना आतली खबर असते."

"आणि ती मलाच नाही?"

"तू उगाच वणवण करतेस. अठ्ठ्याऐंशी म्हणजे झालंच की."

आर्डिस दमली होती. उमेदवार ठरवणारे पक्षाचे सभासद अठ्ठावीस. त्यातल्या सव्वीस जणांकडे ती जाऊन आली होती. राहिल्या होत्या त्या दोघी टॉलेफसन बहिणी. त्यांच्यासाठी केलेली रूबार्बची पाई ओट्यावर ठेवून ती पाय पसरून बसली. पाई वाया जाऊ नये म्हणून डेल्मरने खाल्ली. (एका बैठकीत नाही. दोन.)

शनिवारी उमेदवार ठरवायला शाळेच्या व्यायामशाळेत रीतीप्रमाणे दोन कोपरे झाले; ज्याला मत द्यायचं त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. आर्डिसची माणसं बास्केटबॉलच्या एका बास्केटखाली, तिचा प्रतिस्पर्धी लोवेल ब्रांट याची दुसरीखाली. डोकी मोजली. तेरा आणि पंधरा. टॉलेफसन बहिणी लोवेलकडे उभ्या होत्या.

"तो येऊन गेला गं," थोरली ओशाळून म्हणाली. "तू येशील म्हणून आम्ही तीन दिवस कॉफी करून ठेवत होतो."

आर्डिसला रडू येत होतं आणि चारचौघांत ते तिला नको होतं. ती नवऱ्याकडे वळली. "तुझे ते जाणकार. बघ बरं, माझ्यावर किती जणांनी लावलेत?"

डेल्मरने फोन उघडला. आकडा अजून अठ्ठ्याऐंशीच होता. खाली बारीक अक्षरांत लावणाऱ्यांची संख्या होती. ती त्याने आजवर पाहिलीच नव्हती.

"एक," तो म्हणाला.

"कोण तो?"

डेल्मरने हळूच स्वतःकडे बोट केलं.

"बरं," आर्डिस म्हणाली. "आता बाजाराला न विचारता सांग. आज तुला घरी जेवायला मिळण्याची शक्यता किती?"

"शून्य."

अख्ख्या निवडणुकीत त्याचा खरा ठरलेला अंदाज हा एवढाच.