काडेपेटीएवढं वाण

महादू निमसेचा त्या दिवशीचा निव्वळ फायदा तेरा हजार सातशे रुपयांचा होता. हिशेब सरळ होता. यंदा अधिक श्रावण आलेला. लेकीच्या लग्नाला अजून वर्ष पुरं व्हायचं होतं, म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवण आलं, तेहतीस अनारसे आले आणि वाण म्हणून दोन ग्रॅमची अंगठी आली. शहापूरच्या सोनाराने घडणावळीसकट चौदा हजार दोनशे सांगितले होते. आणि ती अंगठी जावयाने फोनवर स्वतःच्या तोंडाने नको म्हटली होती.

"मामा, अंगठी मी घालतच नाय," प्रणित आसनगावहून जरा चाचरतच बोलत होता. "त्यापेक्षा एक कार्ड मिळालं तर... गेमच्या मशीनचं. आतली जागा भरलीय."

"केवढं असतं ते?"

"लहानच. काडेपेटीएवढं."

महादूने आयुष्यात जे काही विकत घेतलं होतं, खत, पेंड, सळ्या, सोनं, ते सगळं वजनावर. काडेपेटीएवढ्या प्लास्टिकचे पाचशेच्या वर कोण घेणार? जावयाचं मन फिरायच्या आत त्याने सौदा पक्का केला.

"कार्ड तर कार्ड! पण घेईन ते कंपनीचं, वरिजनल. शब्द दिला!"

हा शब्द त्याने दुसऱ्या दिवशी दूध डेअरीवरही पाच-सहा जणांना ऐकवला. "जावई म्हणजे सोनं," तो म्हणाला. "सोनं मागत नाय, म्हणून सोनं." तिसऱ्या दिवशी शहापुरात जाऊन त्याने वाचलेल्या पैशांतून साडेअकरा हजारांचा ग्रास कटर घेतला. बांधावरचं गवत विळ्याने कापून त्याची कंबर गेली होती. हे मशीन खांद्याला अडकवायचं, बटण दाबायचं, की गवत आपोआप आडवं. संध्याकाळभर तो सापगावातल्या स्वतःच्या बांधांवर भुर्रभुर्र करत फिरला. स्वतःचं गवत संपलं तेव्हा शेजारच्या दामूचंही फुकटात कापून दिलं. महादूने कुणाचं काही फुकटात केल्याची दामूच्या आठवणीत ही पहिलीच वेळ होती.

महादूची एक वही होती. घरातल्या प्रत्येकाला तीत एकेक पान, म्हशीलासुद्धा. रुचिताच्या पानावर लग्नाच्या खर्चाची बेरीज करून खाली दोन रेघा मारलेल्या आणि लिहिलेलं: खाते बंद. पाठवणीच्या वेळी रडू आवरत नव्हतं, म्हणून तो मोठ्याने म्हणाला होता, "आता काय लागलं तर नवऱ्याकडं मागायचं गो! आपल्याकडचं खातं बंद!" मांडव हसला. रुचिताही हसली. पण पोरगी पहिल्यापासून आज्ञाधारक. त्यानंतर तिने बापाकडे कढीपत्त्याची काडीसुद्धा मागितली नव्हती. हे महादूच्या लक्षात आलं होतं. वहीत ते कुठल्या रकान्यात लिहायचं, ते कळलं नव्हतं.

जेवणाच्या आधीच्या आठवड्यात तो पंकजच्या मोबाइलच्या दुकानात गेला. गीताबाईने, म्हणजे बायकोने, जावयाकडून मशीनचा फोटो मागवायला लावला होता. तो फोटो त्याने पुढे केला. "याचं कार्ड दे. वरिजनल."

पंकजने फोटो मोठा करून पाहिला. "मागवून देतो. तेवीस हजार."

दुकानात दुसरं कोणी गिऱ्हाईक आहे का, ते महादूने मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

"अरं, मशीन नको मला. कार्ड."

"कार्डच बोलतोय काका. मशीन पस्तीस हजाराचं."

"मग हे काय लटकवलंय? साडेचारशे लिवलंय याच्यावर."

"ते मोबाइलचं. या मशीनच्या पाठीला कंपनीनं स्वतःची खाच ठेवलीय. तिच्यात त्यांनी सांगितलेलंच कार्ड बसतं. दुसरं बसतच नाय."

"म्हंजे भाताची कणगी त्यांची घेतली, तर तिच्यावर चढवायची कणगीपण त्यांचीच?"

"तसंच."

"मग पैली कणगीच जरा मोठी का नाय विणत?"

"मग वरची कोण घेईल, काका?"

महादूला त्या कंपनीचा राग यायच्या आधी थोडा आदर वाटला. मग त्याने वजन विचारलं. पंकज म्हणाला, असेल तीसेक ग्रॅम. महादूने मनात भागाकार केला: ग्रॅमला साडेसातशेच्या वर. चांदीचा भाव पंचाहत्तरच्या आसपास होता. चांदीच्या दहापट, आणि ते प्लास्टिक! अंगठीचे पैसे तर बांधावर भुर्रभुर्र करून संपलेले.

त्याचा चेहरा पाहून पंकजनेच वाट काढली. "ही डिस्क घ्या. चार हजार दोनशे. जागा तेवढीच. फक्त हिच्यात गेम ठेवता येतो, खेळता नाय येत. खेळायचा तर आधी मशीनमधे आणायचा."

"म्हंजे भात माळ्यावर ठेवायचं, शिजवायचं तर खाली उतरवायचं."

"बरोबर."

"मग त्यात काय वाईट? आमी तेच करत आलोय." महादूने चार हजार दोनशे मोजले. पावतीच्या तळाशी विकलेला माल परत घेतला जाणार नाही, असं छापलं होतं. ते त्याने घरी गेल्यावर वाचलं.

धोंड्याचं जेवण झकास झालं. पुरणाचे धोंडे झाले, अनारसे झाले. तबकात हळदकुंकू लावलेली डिस्क ठेवून महादूने ती जावयाच्या हातात दिली. प्रणितने खोका पाहिला. त्याचे डोळे क्षणभर रुचिताकडे गेले आणि परत आले.

"हेच हवं होतं मामा," तो म्हणाला, आणि वाकून पाया पडला.

"बघ!" महादू बायकोला म्हणाला. "तू उगा घाबरत होतीस." गीताबाई स्वयंपाकघरात गेली. तिच्यामागून रुचिता गेली. आत मायलेकी बराच वेळ कुजबुजत होत्या. महादूने आणखी दोन अनारसे घेतले.

त्यानंतरच्या शुक्रवारपासून घरातला चहा काळा झाला.

"दूध?" महादूने विचारलं.

"म्हस आटलीय," गीताबाई म्हणाली. महादू गोठ्यात जाऊन म्हशीकडे बघून आला. म्हैस नेहमीसारखीच फुगलेली दिसत होती. पण बाईमाणसाच्या आणि म्हशीच्या मधे पडू नये, इतका संसार त्याने केला होता.

पुढच्या आठवड्यात काकड्या, भेंडी आणि शिराळी घेऊन तो आसनगावला लेकीकडे गेला. प्रणित सकाळीच ठाण्याला कामावर गेलेला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, चकाचक. ही जागा महादूने स्वतः निवडली होती. पोरगी शेणात-चिखलात नको, हीच त्याची सोयरीक जुळवतानाची पहिली अट होती.

रुचिता टीव्हीपुढे बसली होती. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती.

"काय चाललंय गो?"

"काय नाय बाबा. यांचं क्रिकेट डिस्कवर टाकलं, माझा गेम आत आणतेय. पाऊण तास लागतो. संध्याकाळी यांच्यासाठी परत उलटं."

"रोज?"

"रोज. आधी तर एकच मावायचा. मग यांनी स्वतःचा काढून टाकला. रविवारी नुसते बसून माझा बघायचे."

महादू खुर्चीच्या कडेवर बसला. पट्टी भरली. पडद्यावर सकाळ झाली आणि एक शेत दिसलं. चार तुकडे, कडेला विहीर, एका कोपऱ्यात डेरेदार झाड. एक लाल हार्वेस्टर गहू कापत होता.

महादूने चष्मा पुसला. "ही विहीर उजव्या अंगाला का?"

"आपली उजव्या अंगालाच हाय ना!"

"म्हंजे हे थोरलं खाचर?"

"हां. ते विहिरीजवळचं. आणि हे चिंचेखालचं. चिंच नाय मिळाली, दुसरं झाड लावलंय."

"खाचरात गहू घातलास?"

"यात भात नाय बाबा. परदेशातला खेळ हाय."

"मग गव्हाला बांध कशाला घातलास?"

रुचिता हातातली बटणं दाबत राहिली. "आपल्याकडं असतात म्हणून," ती म्हणाली.

बांधावर टोपी घातलेला एक माणूस उभा होता, त्याच्याकडे त्याने बोट केलं. "हा कोण?"

"गडी ठेवलाय. नाव आपणच द्यायचं असतं." ती जरा थांबली. "महादू."

"बापाला मजुरीला लावलंस?"

"रोज बाराशे देते!"

"बाराशे?" महादू ताठ झाला. "सापगावात सहाशेच्या वर कोण देत नाय. लुटतोय तुला तो."

दोघं हसली. हसता हसता रुचिताने डोळे पदराने पुसले, आणि महादूने ते काकड्या मोजताना पाहिलंच नाही.

परतीच्या रिक्षात त्याने हिशेब घातला. जुना म्हणून ग्रास कटरचे आठ हजार येतील. सोसायटीकडून उचल मिळेल. बाकीचं भात झोडल्यावर. पण हे बायकोला कसं सांगायचं? साडेअकरा हजाराचं मशीन आठला विकतोय, हे तो स्वतःलासुद्धा मोठ्याने सांगू शकला नसता. काहीतरी खोट काढावी लागेल मशीनमधे. आवाज फार करतं, असं म्हणू.

घरी येऊन तो थेट पडवीत गेला. खुंटी रिकामी होती.

"माझा कटर कुठाय?"

"इकला," गीताबाई भाकरी थापत म्हणाली. "दामूला. आठ हजाराला."

"मला न इचारता?" महादूने आवाज चढवला. तो चढवावाच लागला. नवरा म्हणून एवढं तो देणं लागत होता.

"आठ ते, नि बचत गटातनं पंधरा उचलले. तेवीस झाले. पंकजकडं भरून आले. कार्ड शनिवारी येईल."

"पंधरा हजार? आणि हप्ता?"

"दूध."

महादूला म्हैस का आटली ते कळलं. तो पडवीतच बसला. "पण कार्ड तर जावयानं मागितलं होतं..."

"जावयानं!" गीताबाई हात झाडून बाहेर आली. "त्या पोराला अंगठी पायजे होती. मापसुद्धा देऊन आला होता सोनाराला. मीच त्याला बोलले, बापू, औंदा कार्ड माग. पोरगी दिसभर एकटी असते, त्या खेळात तेवढा तिचा जीव रमतो. तो बोलला, मामी, तीच मागू दे की. मी बोलले, ती नाय मागायची. तिच्या बापानं खातं बंद केलंय. पण अधिकात जावयाला नाय म्हणायची तुमची छाती नाय, हे मला ठावं होतं."

"मग किंमत सांगायचीस आधी!"

"अंगठीच्या पैशात थोडी भर घातली की येतं, असं पोरगी बोलली होती. भर मी घालणार होते. तुमी अंगठीचे पैसे गवतात घालाल, हे मला काय ठावं?"

महादूने रिकाम्या खुंटीकडे पाहिलं.

"आता रागवायचं तर रागवा," ती म्हणाली. "पण मला एक सांगा, आसनगावातनं येताना तुमी काय ठरवून आलात?"

"काय नाय."

"मग घरात पाय न धुता आधी खुंटीकडं कशाला गेलात?"

महादूने उठून पाय धुतले.

रविवारी तो नि गीताबाई, दोघं आसनगावला गेली. कार्ड मशीनच्या पाठीत जाऊन बसलं होतं. बाहेर नुसती बोटभर काळी कड दिसत होती. तेवीस हजारांपैकी दिसतात ते एवढेच, हे महादूने पाहून ठेवलं. आत क्रिकेट आणि शेत शेजारी शेजारी नांदत होती. रुचिताने बटणांचं यंत्र बापाच्या हातात दिलं.

"बाबा, विहिरीकडच्या बांधावर गवत वाढलंय. गवताचं मशीन घेतलंय मी, बघा."

महादूने बटण दाबलं. पडद्यावर भुर्रभुर्र सुरू झालं. थोरल्याचा बांध झाला, चिंचेखालचा झाला. प्रणित शेजारी बसून आपल्या क्रिकेटची वाट पाहत होता. दीड तासाने तो हळूच म्हणाला, "मामा, गवत संपलं." महादू म्हणाला, "कडेचं राहिलंय."

मधे चहा आला. दुधाचा, साय तरंगणारा. महादूने घोट घेतला आणि थबकला.

"दूध कुठलं गो?"

"आपल्याच म्हशीचं," रुचिता म्हणाली. "आई बाटली घेऊन आलीय."

गीताबाई खिडकीतून आसनगाव बघत होती.

सापगावला परतल्यावर महादूने वही उघडली. कंपनीला पोचले तेवीस हजार. त्यांत ग्रास कटरचे आठ, गीताबाईचे पंधरा. ग्रास कटरच्या व्यवहारात बुडाले साडेतीन हजार. डिस्कचे चार हजार दोनशे. प्रणितची अंगठी गेली, ती त्याने जावयाच्या पानावर देणे म्हणून मांडली, पुढच्या अधिकाची तारीख घालून. स्वतःच्या पानावर लिहिलं: सहा महिने कोरा चहा. गवत विळ्याने.

मग त्याने रुचिताचं पान काढलं. दोन रेघांखाली बरीच जागा कोरी होती. 'खाते बंद'मधला 'बंद' त्याने खोडून 'चालू' केला. दोन्ही बाजूंनी बेरीज घातली. घरातल्या प्रत्येकाने काही ना काही भरलं होतं, म्हशीनेसुद्धा. जमेला मात्र एकच रक्कम निघाली, ती त्याने ठळक लिहिली: मजुरी, एक दिवस, रुपये बाराशे. रुचिताकडून येणे.